दुसऱ्या माणसाची ओळ

सोमवारी सकाळी फोन ठेवल्यापासून आईच्या डोक्यात एकच शब्द भुंग्यासारखा घुमत होता. ‘बघते.’ गुरुवारी लेकीचं ऑपरेशन, बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं, सगळं ठरलेलं. ‘मग बुधवारी किती वाजता निघायचं?’ एवढंच आईनं विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, ‘बघते.’

ज्या घरात माणूस वाढतं, त्या घराला त्याच्या शब्दांचे अर्थ कोशात शोधावे लागत नाहीत. या लेकीचं ‘नको’ म्हणजे थोडा आग्रह कर. ‘हो’ म्हणजे हो. आणि ‘बघते’ म्हणजे साफ नाही.

तिच्या पित्ताशयात खडे होते. याआधी दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा तिनं ती पुढे ढकलली. एकदा कारखान्यात मापं घ्यायचं नवं यंत्र बसत होतं म्हणून, एकदा मालकीणबाई परगावी होत्या म्हणून. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, “आता पुन्हा कळ आली ना, तर पुढची तारीख मी देणार नाही. तुमचं पोट देईल.” लेक यावर हसली होती. आईला मात्र त्या रात्रीपासून जेवण गोड लागलं नव्हतं.

लेकीचं वय चौतीस. आई-बाबांच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर, कारखान्याच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांत एकटी राहायची. घरी तिला ‘गोगल’ म्हणायचे. मूळ शब्द गोगलगाय, आणि तो शाळेतल्या बाईंनी दिलेला. कारण ही पोर पाठीवर सगळं घर घेऊन यायची. दोन पेन्सिली, दोन खोडरबर, दोन रुमाल, एक जादा मोजा. दप्तराच्या ओझ्यानं पुढे झुकून चालायची. ते दप्तर भरणारे हात आईचे होते. “एक हरवलं तर?” हा आईचा रोजचा प्रश्न. इतर मुलांना आया झोपताना गोष्टी सांगतात. या आईनं ‘एक हरवलं तर’ सांगितलं. तेव्हा बाईंनी ठेवलेल्या नावावर आईसुद्धा पोट धरून हसली होती.

गोगल ज्या कारखान्यात होती तिथं दुकानातला कुठलाही जोड ज्यांना होत नाही अशा पायांचे बूट बनायचे. एक पाय आखूड, एक टाच वाकडी, बोटं एकमेकांवर चढलेली, अशी माणसं तिथं यायची. कारखाना तळघरात होता. खिडक्या वर छताला लागून, आणि त्यांतून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. तिथले जुने कारागीर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते त्या पायांकडे बघूनच सांगायचे, “हा माणूस उजव्या गुडघ्याला जपतोय,” किंवा “या बाईनं नवऱ्याच्या चपला घातल्यात.” चाळीस वर्षं ते त्याच खिडकीखाली बसून चामडं कापत होते.

पूर्वी तिथं भिंतभर फळ्यांवर लाकडी पाय मांडलेले असायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा हुबेहूब लाकडी साचा, त्यावर बूट चढवायचा. मग मापं कॉम्प्युटरमध्ये जायला लागली, जागा अडते म्हणून लाकडी पाय जळणाला गेले, आणि गोगल तिथं फोन घ्यायला आणि ऑर्डरी लिहायला लागली. तिला लागून सहा महिने झाले असतील नसतील, एका सकाळी तो कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. सगळे म्हणाले, घाबरू नका, प्रत काढलेली आहे. प्रत होती, पण त्याच कॉम्प्युटरमध्ये, दुसऱ्या नावाच्या कप्प्यात. घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला टांगून बाहेरून दार लावून घ्यावं, तसं झालं.

आठ महिन्यांचे पाय गेले. त्यात शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एक पाय दोन बोटं आखूड आणि टाच आत वळलेली. त्यांचा जोड अकरा वेळा बसवून बघितल्यावर जमला होता. जोड झिजला, त्या नवा करायला आल्या आणि त्यांना सांगावं लागलं की माप हरवलंय. बाई चिडल्या नाहीत. खुर्चीवर टेकल्या, बूट काढला आणि एवढंच म्हणाल्या, “परत अकरा वेळा का हो?” पुढचे तीन महिने त्या पायाला पट्टी बांधून शाळेत जात होत्या.

ते ‘परत अकरा वेळा का हो’ गोगलनं कानात बांधून ठेवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हिनं तर दूध का पोळतं याचाच अभ्यास मांडला. संध्याकाळचे वर्ग केले, पुस्तकं वाचली, चार ठिकाणी जाऊन विचारलं. आणि एका शनिवारी आईसमोर ताटलीत तीन बिस्किटं मांडून ती समजावायला लागली.

“हे बघ, मापांच्या तीन प्रती. एक कामाच्या कॉम्प्युटरमध्ये. एक दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, ती रोज संध्याकाळी कारखाना बंद होताना आपोआप निघते. आणि तिसरी कारखान्याच्या बाहेर. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तरी एक वाचते.”

“यात काय नवीन?” आई म्हणाली. “आपल्या घराच्या किल्ल्या तीनच आहेत. एक पर्समध्ये, एक शेजारी, एक मावशीकडे.”

“म्हणूनच तिसरी प्रत तुझ्याकडे ठेवणार आहे.”

तेव्हापासून दर शनिवारी गोगल यायची. लाल कव्हरातली डिस्क आणायची, निळी घेऊन जायची. पुढच्या शनिवारी उलट. आईनं डिस्कसाठी कपाटातली सगळ्यात कोरडी जागा शोधली, स्वेटरच्या घडीत ठेवली आणि दिवसातून एकदा हात लावून खात्री करून घ्यायला लागली. बाबा म्हणायचे, “चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या चष्म्याला कधी एवढं जपलं नाहीस.”

“तुमच्या चष्म्यात तीन हजार लोकांचे पाय नाहीत,” आई म्हणायची.

एवढं सगळं असताना लेकीचा जीव तारखेला का अडकत होता, ते आईला कालपर्यंत कळलं नव्हतं. काल रविवारी कळलं.

“आई, उद्या कारखान्यात ये. तालीम आहे,” गोगलनं शनिवारी सांगितलं. “कॉम्प्युटर मेला असं धरायचं. रिकामा जुना कॉम्प्युटर घ्यायचा आणि तुझ्याकडच्या डिस्कवरून सगळं परत आणायचं. नुसती प्रत काढून उपयोग नाही, ती परत येते का ते बघायला लागतं.”

“मग तू बघ की. मला त्यातलं काय कळतंय?”

“काहीच कळत नाही म्हणूनच तू. मी सगळं वहीत लिहिलंय. वही वाचून तुला जमलं, तर कुणालाही जमेल.”

आईला हा मान की अपमान ते ठरवता आलं नाही. या शनिवारी गोगलनं जुनी डिस्क परत नेली नव्हती, म्हणून ती लाल आणि निळी दोन्ही डिस्का घेऊन पोचली. सुट्टीचा दिवस, तळघरात चामड्याचा आणि खळीचा वास कोंडलेला. उस्ताद मुद्दाम आले होते, साक्षीदार म्हणून. मालकीणबाईंनी फोनवरून परवानगी दिली होती आणि ‘मला मात्र त्यात ओढू नका’ असंही बजावलं होतं. गोगल पायाची मापं घ्यायच्या बुटक्या स्टुलावर आईच्या मागे जाऊन बसली.

“आता मी तोंड उघडणार नाही. मी मेलेय असं समज.”

“असलं अभद्र बोलायचं नाही!”

“बरं, रजेवर आहे असं समज.”

“तू कधी असतेस रजेवर?” आई म्हणाली, आणि उस्ताद मिशीत हसले.

वहीतलं पहिलंच वाक्य होतं, ‘नेहमीच्या ड्रॉवरमधून कॉम्प्युटरच्या कपाटाची किल्ली घ्यावी.’ तिथं तीन टेबलं आणि अकरा ड्रॉवर होते. आईनं अकराही उघडले. एकात खिळे, एकात दोरा, एकात अर्धं संत्रं. ती मागे वळली.

“ताई, तिच्याकडे बघू नका,” उस्ताद म्हणाले. “ती रजेवर आहे.”

किल्ली शेवटी गोगलच्या पाठपिशवीत सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गोगल लाल झाली आणि तिनं मांडीवरच्या कागदावर काहीतरी खरडलं.

पुढे लिहिलं होतं, ‘ताजी डिस्क जोडावी.’ लाल ताजी की निळी? वहीत काही नव्हतं. पण इथं आई अडली नाही. तिनं कव्हर उलटं केलं. दोन्हीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर पेनानं तारीख, वार आणि घरात आल्याची वेळ.

“हे कधी केलंस?” मागून आवाज आला.

“रजेवरच्या माणसांनी बोलायचं नाही,” आई आणि उस्ताद एका दमात म्हणाले.

मग कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. वहीत होतं, ‘नेहमीचा.’ आईनं तो शब्द दोनदा वाचला. “अगं, हे काय? नेहमीचा म्हणजे कुणाच्या नेहमीचा?”

आईनं वहीची पानं उलटीसुलटी चाळली. खिडकीतून कुणाचे तरी पांढरे बूट गेले, मागून एक कुत्रं गेलं.

“संपलं,” गोगल उठून म्हणाली. “सव्वा तासात काहीही परत आलं नाही. मी नसले तर काहीही परत येत नाही.”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथं आडात पाणी भरलेलं होतं, पोहराही होता. दोर तेवढा एका माणसाच्या डोक्यात गुंडाळलेला होता.

तिनं तिथंच बसून वही नव्यानं लिहिली. प्रत्येक ‘नेहमीचा’ खोडला. किल्ली कुठे, कुठल्या रंगाची वायर कुठल्या खाचेत, पडद्यावर काय येईल, ते आलं नाही तर काय. पासवर्ड पाकिटात घालून पाकीट उस्तादांच्या हत्यारांच्या पेटीत, कुलपात गेलं. चहा झाला. आणि दुसरी फेरी सुरू झाली.

या वेळी आई एक-एक ओळ बोटाखाली धरून गेली. पाकीट फोडलं, पासवर्ड टाकला, तारीख निवडली, बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. वहीत लिहिलं होतं, ‘इथं चाळीस मिनिटं लागतात. काहीही करू नये.’ आईच्या आयुष्यात ‘काहीही करू नये’ इतकी अवघड सूचना तिला कुणी दिली नव्हती. ती हात मांडीखाली घेऊन बसली.

आणि त्या शांततेत तिला मागचा श्वास ऐकू आला. तुटक, आत ओढलेला. स्टूल एकदा कुरकुरलं. आईला वळायचं होतं. वळली असती तर लेक म्हणाली असती, काही नाही, पाय अवघडला. म्हणून ती पट्टीकडे बघत राहिली आणि कानांनी लेकीला बघत राहिली. उस्तादांनी मुकाट्यानं पाण्याचा पेला उचलून मागे नेऊन ठेवला.

पट्टी पूर्ण झाली. वहीप्रमाणे आईनं एक नाव उघडलं. गाण्याच्या बाईंचा पाय पडद्यावर आला, टाच आत वळलेली. छपाईचं बटण दाबलं, तळपायाची रेघ कागदावर उतरली. उस्तादांनी दुरुस्तीला आलेला बाईंचा जुना बूट त्या रेघेवर ठेवला आणि कडेनं अंगठा फिरवला. केसाएवढाही फरक नव्हता.

“अकरा वेळा नको,” उस्ताद म्हणाले. “एकदाच पुरे.”

“अठ्ठावन्न मिनिटं,” गोगल म्हणाली. चेहरा पांढराफटक होता, पण ती हसत होती. आईला वाटलं, सुटलो. आता ही निघाली गुरुवारी.

पण कुलूप लावताना ती सहज म्हणाली, “नवा कॉम्प्युटर पुढच्या महिन्यात येतोय. हा जुना या महिन्यात दोनदा आपोआप बंद पडलाय. मी चार दिवस पडून राहायचं आणि नेमका तेव्हाच हा गेला तर? मालकीणबाई हात लावणार नाहीत. उस्तादांचा तर एक डोळा…”

“मला आठ आणि तीन सारखेच दिसतात,” उस्ताद म्हणाले. “मी पासवर्ड टाकला तर कुलूपच उखडायचं.”

“म्हणून म्हणते, महिनाभर थांबायला काय हरकत आहे?”

आईला बोलायचं होतं, पण उस्तादांसमोर नको म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं. आणि आज सकाळी फोनवर ते ‘बघते’ आलं.

आता आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर निळी डिस्क आणि नव्या वहीची दुसरी प्रत. गोगलनं काल बजावून दिली होती, वही डिस्कपाशीच राहू दे. आईनं ती सुरुवातीपासून वाचायला घेतली, कारण काल तिनं फक्त कामाच्या ओळी वाचल्या होत्या.

पहिल्या पानावर ‘कुणाला फोन करावा’ अशी यादी होती. एक, मालकीणबाई. दोन, उस्ताद. तीन, वायरमन. चार, आई. आणि आईपुढे बारीक अक्षरात, ‘डिस्क हवी असेल तरच. शक्यतो सगळं ठीक झाल्यावर सांगावं. घाबरते.’

आईला ते वाचून आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग तिला कबूल करावं लागलं की लेकीनं खोटं काही लिहिलेलं नाही. पोटात दुखतंय हेसुद्धा गोगलनं तिला दुसऱ्या खेपेला सांगितलं होतं. पहिल्या खेपेला उस्तादांना. आणि आठवडाभर झोपली नव्हती कोण? आईच.

यादीखाली एक ओळ होती. ‘मी नसताना हे काम करणारा दुसरा माणूस:’ आणि पुढे रेघ. रेघेवर काही नव्हतं. बाकी वहीत एक शब्द रिकामा नव्हता. पानाचे क्रमांकसुद्धा दोन ठिकाणी घातले होते. दोन पेन्सिली, दोन रुमाल, तीन प्रती, आणि सगळं वाहून नेणारी पाठ मात्र एकच. त्या पाठीवर ‘एक हरवलं तर’ कुणी लादलं होतं, हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती रेघेकडे बघत राहिली. काल निळी पट्टी सरकत असताना आपण घाबरलो होतो का? होतो. पण बटणं बरोबर दाबली गेली. भीती कुठे गेली नव्हती; भीतीला वाचायला फक्त एक वही मिळाली होती.

तिनं पेन उचलला आणि रेघेवर लिहिलं, ‘आई.’

लिहिल्यावर त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला. तीन महिने ती मनातल्या मनात गुरुवार जगत होती. दवाखान्यातला बाक, थर्मास, मांडीवर शाल, ऑपरेशनच्या खोलीचं दार, त्या दारावरचा दिवा. तो दिवा विझेपर्यंत दाराकडे बघत राहायचं, हेच आपलं काम असं तिनं धरलं होतं. आता त्या वेळी ती तळघरात असणार, लोकांचे पाय बघत, जुन्या कॉम्प्युटरची घरघर ऐकत. लेकीचं पोट उघडलेलं असताना आई तिथं नाही. आपल्या आईनं हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती, याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

“ऐकता का,” तिनं हाक मारली. बाबा खिडकीशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. “गुरुवारी दवाखान्यात तुम्ही बसाल?”

“दोघं बसणार आहोत ना?”

“मी कारखान्यात बसणार आहे. शनिवारपर्यंत.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते सहसा खाली करत नसत. “ऑपरेशन चालू असताना तू बाहेर नसणार?”

“नसणार. मी बाहेर बसले, तर ती आत पडल्या पडल्या दोन काळज्या करणार. कॉम्प्युटरची आणि माझ्या तोंडाची. त्यातली एक मी उचलते.”

“आणि दुसरी?”

“माझं तोंडच तिथं दिसलं नाही की तीही मिटली. तुम्हाला कोडं दिलं की तुमचं काम झालं. तुमच्याकडे बघून कुणाला घाबरायला होत नाही.”

बाबांनी थोडा विचार केला. “मला फोन किती वेळा करशील?”

“तासातून एकदा.”

“म्हणजे दहा मिनिटांतून एकदा,” बाबा म्हणाले, आणि खिशातून फोन काढून तो पुरेसा भरलेला आहे की नाही ते तीन दिवस आधीच तपासलं. मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

आईनं वही पुन्हा पुढे ओढली. काय बोलायचं ते आधी ठरवायला हवं होतं. ‘काळजी घे’ नको. ‘माझं ऐक’ नको. पालथ्या घड्यावर पाणी. ‘आम्हाला काय वाटेल याचा विचार कर’ तर अजिबात नको. शेवटच्या पानावर लेकीच्याच अक्षरात एक सूचना होती: ‘कॉम्प्युटर कुरकुर करायला लागला की वेळ ठरवून आपण होऊन बंद करावा. ठरवून बंद केलेला परत सुरू होतो. आपोआप बंद पडला तर काही सांगता येत नाही.’

एवढं वाक्य पुरेसं होतं. ते वाचून दाखवायचं. मग सांगायचं, रिकामी ओळ मी भरली आहे, तुझ्या वहीत पण भर. किल्ली कुठल्या ड्रॉवरमध्ये ते मला आता पाठ आहे. आणि तरी तिनं ‘बघते’ म्हटलं, तर म्हणायचं, बघायला मी आहे, तू रजेवर आहेस.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि लेकीला फोन लावला.